फ्लॉरेन्समधील सोनारांची गुरुपरंपरा आणि इतर कला

१

कोणत्याही कलेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्या कलेच्या उपलब्ध कृती प्रथम समोर मांडून त्यांचा काल, कर्ता आणि घडण यांचा विचार करावयाचा, ही सर्वमान्य पद्धती होय. सोनाराच्या कलेच्या बाबतीत ही पद्धती पहिल्याच पायरीवर अडखळते. दगडाची मूर्ती भंगली तरी तिचे तुकडे राहतात. भित्तिचित्र पुसट झाले तरी भिंतीवर त्याची खूण उरते. परंतु सोन्याचा दागिना एकदा मुशीत गेला म्हणजे त्याच्या घडणीचा मागमूसही राहत नाही. धातू तोच राहतो, रूप मात्र समूळ नाहीसे होते. आपल्याकडे हा अनुभव घरोघरी नित्याचा आहे. आजीच्या गोठांची मोड देऊन नातीच्या लग्नात नव्या तऱ्हेच्या बांगड्या केल्या जातात. सोने वाया गेले नाही याचे समाधान सर्वांस असते. ते गोठ ज्या हाताने घडविले त्या हाताची आठवण मात्र त्यांच्याबरोबरच संपते.

इटलीतील फ्लॉरेन्स नगरीच्या पंधराव्या शतकातील सोनारकामाची स्थिती याहून निराळी नाही. त्या शतकात या नगरीत जे शिल्पकार, चित्रकार आणि वास्तुकार होऊन गेले, त्यांपैकी अनेकांचे पहिले शिक्षण सोनाराच्या दुकानात झाले होते, ही गोष्ट कलेतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहे. तथापि तिचा उल्लेख बहुधा चरित्रातील एक प्रारंभीचा तपशील म्हणून केला जातो आणि पुढील पानावर तो विसरला जातो. या तपशिलास अधिक महत्त्व आहे, किंबहुना नष्ट झालेल्या सोनारकलेचा इतिहास लिहिण्याचे ते एक मुख्य साधन आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच दृष्टीने येथे काही उदाहरणांचा विचार करावयाचा आहे.

भाषाशास्त्रात अशा प्रसंगी एक मार्ग अवलंबिला जातो. एखादी मूळ भाषा लिखित पुरावा न ठेवता लुप्त झाली असली, तरी तिच्यापासून निघालेल्या भाषांची परस्परांशी तुलना करून तिच्या रूपाविषयी बरीच विधाने करता येतात. लेकी पाहून आईचा चेहरा ओळखण्यासारखाच हा प्रकार आहे. मात्र त्यात एक धोका असतो. दोन भाषांत आढळणारे साम्य वारशाने आलेले नसून केवळ उसनवारीचे असू शकते; म्हणून काढलेले अनुमान स्वतंत्र पुराव्यावर तपासून घेण्याची संधी मिळेल तेथे ती दवडता कामा नये. फ्लॉरेन्सच्या सोनारकलेविषयी ही दोन्ही कामे काही अंशी शक्य आहेत. सोनाराची कला शिष्यांच्या हातून कांस्य, चित्र, वास्तू आणि मुद्रण यांत कशी उतरली हे आपण पाहू. आणि मुशीतून वाचलेली एक मोठी कृती अखेरीस साक्षीस घेऊ.

२

प्रथम त्या काळच्या व्यवस्थेची थोडी कल्पना असणे अवश्य आहे. फ्लॉरेन्समधील सर्व उद्योग श्रेणींत विभागलेले होते आणि श्रेणीचा सभासद झाल्याशिवाय कोणास स्वतःचे दुकान चालविता येत नसे. आज ज्यांना आपण ‘कला’ या एकाच नावाखाली एकत्र करतो त्यांची विभागणी तेथे फारच वेगळ्या तत्त्वावर झालेली होती. चित्रकार हे वैद्य व औषधविक्रेते यांच्या श्रेणीत मोडत. कारण रंगद्रव्ये आणि औषधे एकाच दुकानी मिळत. दगडाचे शिल्पकार गवंडी व सुतार यांच्या श्रेणीत असत. सोनारांचा समावेश रेशीम-व्यापाऱ्यांच्या श्रेणीत केलेला होता. जरीचे सूत आणि रेशमाचे सूत यांची गाठ तेथे पडत असे. श्रेणीची वाटणी ही सामग्रीवरून होती, बुद्धीच्या किंवा प्रतिभेच्या प्रतीवरून नव्हती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

दुकानाला इटालियन भाषेत ‘बोत्तेगा’ म्हणतात. हा शब्द मूळ ग्रीक ‘आपोथेके’ म्हणजे ‘साठवणीची जागा’ यापासून लॅटिनमार्गे आलेला आहे. परंतु फ्लॉरेन्समध्ये त्याचा अर्थ वस्तू घडविण्याची, विकण्याची आणि शिकण्याची एकच जागा असा झाला होता. सोनारास तेथे ‘ओराफो’ म्हणत. हा शब्द लॅटिन ‘आउरिफेक्स’पासून निघाला आहे. त्यात ‘सोने’ आणि ‘करणे’ या दोन अर्थांचे घटक आहेत, आणि आपला ‘सोनार’ ज्या ‘सुवर्णकार’ शब्दापासून झाला त्याची घडण नेमकी अशीच आहे. दोन्ही शब्दांत धातूचे नाव आहे आणि क्रियेचे नाव आहे. दागिन्याचे नाव मात्र नाही. सोनार म्हणजे सोन्याचे काही करणारा; काय करणारा, हे शब्दाने मोकळे ठेवले आहे.

मुलगा दहा-पंधरा वर्षांचा असताना अशा दुकानात दाखल होई. प्रारंभी झाडलोट करणे, भाता चालविणे, धातू घासून उजळणे ही कामे त्याच्याकडे येत. त्याबरोबरच रेखन शिकविले जाई. कारण दागिना आधी कागदावर किंवा फळीवर काढावा लागे. मग मेणाचा नमुना करणे, त्यावर साचा चढवून मेण वितळवून काढणे व त्या पोकळीत धातू ओतणे, राळेवर पत्रा बसवून पाठीमागून ठोकून उठाव आणणे, कोरणीने रेघ काढणे, झाळून सांधा न दिसेल असा जोड करणे, पाऱ्याच्या साहाय्याने सोन्याचा मुलामा चढविणे, रत्नास कोंदण करणे, असा हा अभ्यासक्रम असे. त्यात रेखन, मूर्तिकाम, ओतकाम, कोरीवकाम आणि धातूंचे रसायन या सर्वांचा अंतर्भाव होता. एवढे विविध शिक्षण त्या काळी दुसऱ्या कोणत्याही दुकानात एकत्र मिळत नव्हते. सोनाराचा शिष्य इतर कलांकडे वळला याचे पहिले कारण हे की, त्या कलांची मुळाक्षरे त्याने अगोदरच गिरविलेली असत. दुसरे कारण हिशेबाचे होते. सोने महाग असल्यामुळे चूक महाग पडे. म्हणून अगोदर मेणात, कागदावर आणि मनात काम पुरते करून मगच धातूस हात लावावयाचा, ही शिस्त त्याच्या अंगी बाणे.

३

या शिक्षणाचे फळ इ. स. १४०१ च्या प्रसिद्ध स्पर्धेत दिसून येते. फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठी कांस्याची दारे करून घ्यावयाची होती. इब्राहिमाने आपल्या पुत्राचे बलिदान करण्याची सिद्धता केली, हा प्रसंग प्रत्येक स्पर्धकाने एका फलकावर घडवून दाखवावयाचा होता. सात स्पर्धकांपैकी दोघांचे फलक आज शिल्लक आहेत. एक फिलिप्पो ब्रुनेलेस्कीचा (१३७७–१४४६) आणि दुसरा लोरेन्त्सो गिबर्तीचा (१३७८–१४५५). दोघेही सोनाराच्या दुकानात तयार झालेले होते. ब्रुनेलेस्की हा एका दस्तलेखकाचा मुलगा; त्याने १३९८ मध्ये रेशीम-श्रेणीत सोनार म्हणून प्रवेश मागितला आणि १४०४ मध्ये त्याची पूर्ण सभासद म्हणून नोंद झाली. गिबर्ती हा आपल्या आईचा दुसरा पती बार्तोलुच्चो या सोनाराच्या हाताखाली शिकला.

हे दोन फलक शेजारी ठेवून पाहिले असता एकाच शिक्षणातून दोन स्वभाव कसे घडतात हे कळते. ब्रुनेलेस्कीने आकृती वेगवेगळ्या ओतून पाठीच्या पत्र्यावर बसविल्या. गिबर्तीने जवळजवळ सर्व फलक एकाच ओतणीत काढला आणि आतून तो पोकळ ठेवला. त्यामुळे त्याचा फलक प्रतिस्पर्ध्याच्या फलकापेक्षा सुमारे ७ किलोग्रॅमने हलका झाला. काम अठ्ठावीस फलकांचे असल्यामुळे या बचतीचे महत्त्व परीक्षकांच्या दृष्टीतून सुटले नसावे. धातूचा प्रत्येक तोळा मोजून वापरणे, हा सोनाराचा स्वभावधर्म होय. काम गिबर्तीस मिळाले. १४०३ च्या करारात त्याच्याबरोबर बार्तोलुच्चोचेही नाव आहे. गुरूने शिष्यास काम मिळवून दिले, आणि मग गुरू शिष्याच्या नावामागे उभा राहिला, असे या कागदावरून दिसते.

पहिली दारे १४२४ मध्ये आणि दुसरी १४५२ मध्ये पुरी झाली. एवढ्या दीर्घ कालावधीत गिबर्तीचे दुकान हीच एक पाठशाळा बनली. दोनातेल्लो, मिकेलोत्सो, चित्रकार पाओलो उच्चेल्लो आणि बेनोत्सो गोत्सोली हे सर्व कोणत्या ना कोणत्या वेळी तेथे काम करून गेले. यांपैकी मिकेलोत्सो टांकसाळीत नाण्यांचे ठसे कोरण्याचेही काम करीत असे. दोनातेल्लोच्या नावापुढे १४१२ च्या एका नोंदीत ‘सोनार आणि पाथरवट’ असा दुहेरी व्यवसाय लिहिलेला आढळतो.

इकडे हरलेला ब्रुनेलेस्की वास्तुकलेकडे वळला. फ्लॉरेन्सच्या मुख्य मंदिरावरील प्रचंड घुमट त्याने १४२० ते १४३६ या काळात उभारला, हे सर्वश्रुत आहे. तथापि सोनारकाम त्याला सुटले नव्हते. त्याचा चरित्रकार मानेत्ती याने सांगितले आहे की, यथार्थदर्शनाचा नियम दाखविण्यासाठी ब्रुनेलेस्कीने बाप्तिस्मागृहाचे एक लहान चित्र काढले आणि आकाशाच्या जागी रंग न देता उजळलेली चांदी बसविली, जेणेकरून खरे आकाश व वाऱ्याने सरकणारे ढग तिच्यात प्रतिबिंबित व्हावेत. चित्रकलेच्या इतिहासातील हा एक निर्णायक प्रयोग होता, आणि त्याच्या मध्यभागी सोनाराने घासून आरशासारखा केलेला पत्रा होता. पुढे १४३४ मध्ये, घुमटाचे काम संपत आले असताना, गवंड्यांच्या श्रेणीने वर्गणी भरली नाही म्हणून ब्रुनेलेस्कीस तुरुंगात टाकविले. तो त्यांच्या श्रेणीचा नव्हताच. कागदोपत्री तो सोनार होता. जगातील एक श्रेष्ठ वास्तू उभारणारा मनुष्य वास्तुकारांच्या दप्तरात परका ठरावा, यावरून त्या काळी कलांच्या सीमा किती सहज ओलांडल्या जात आणि दप्तरे त्यांच्या किती मागे राहत, हे दिसते.

४

गिबर्तीची कीर्ती त्याच्या कांस्य-दारांवर अधिष्ठित आहे. परंतु स्वतः त्याने वृद्धपणी लिहिलेल्या ‘कोमेंतारी’ या ग्रंथात आपल्या सोनारकामाचा हिशेब मोठ्या आस्थेने दिला आहे. पोप पाचवा मार्टिन याच्यासाठी केलेला मुकुट. पोप चौथा यूजीन याच्यासाठी केलेला दुसरा मुकुट, ज्यात पंधरा पौंड सोने व साडेपाच पौंड रत्ने होती आणि जवाहिऱ्यांनी ज्याची किंमत ३८,००० फ्लोरिन ठरविली होती. एका प्राचीन कोरीव अकीकाचे सोन्याचे कोंदण. हे सारे त्याने नोंदून ठेवले. यांतील त्याच्या सोन्याच्या घडणीचा एक तुकडाही आज उरलेला नाही. त्याने वजने लिहून ठेवली, यात सोनाराची सवय तर आहेच. परंतु या वस्तू टिकणार नाहीत ही जाणीवही असावी.

असे अनुमान करण्यास त्याच ग्रंथात आधार आहे. गिबर्तीने कोलोन नगरातील गुस्मिन नावाच्या एका सोनाराची हकीकत दिली आहे. हा कारागीर आंजूच्या ड्यूकच्या पदरी होता आणि त्याची मूर्तिकला प्राचीन ग्रीकांच्या तोडीची होती, असे गिबर्तीचे मत होते. ड्यूकला द्रव्याची निकड पडली तेव्हा त्याने गुस्मिनने केलेले सोन्याचे काम वितळविले. आयुष्यभराचे श्रम मुशीत गेलेले पाहून गुस्मिनने गुडघे टेकून देवाची करुणा भाकली, ऐहिक वैभवाचा मोह टाकला आणि डोंगरावरील एका आश्रमात जाऊन तो व्रतस्थ जीवन जगू लागला. शिकण्याची इच्छा असलेले तरुण मात्र त्याला शोधीत तेथे जात, आणि तो अत्यंत नम्रपणे त्यांस प्रमाणे समजावून देई व नमुने करून दाखवी.

हा गुस्मिन नेमका कोण याविषयी विद्वानांत एकमत नाही. त्याची म्हणून निश्चित सांगता येईल अशी एकही कृती ज्ञात नाही. परंतु ही हकीकत गिबर्तीने का जपली, हा आपल्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. ग्रीक आणि इटालियन कलावंतांच्या परंपरेत त्याने या परदेशी सोनारास स्थान दिले, ते काही शिल्लक कृतींच्या बळावर नव्हे. ज्याचे सर्व काम नष्ट झाले त्याचे काय उरते, या प्रश्नाचे उत्तर त्याला या कथेत दिसले असावे. प्रमाणांचे ज्ञान उरते, नमुना करून दाखविणारा हात उरतो, आणि ते ज्ञान घेऊन डोंगर उतरणारे तरुण उरतात. सोन्याच्या बाबतीत गुरुपरंपरा ही केवळ शिक्षणाची सोय नव्हती. ती कलेच्या अस्तित्वाची एकमेव हमी होती.

५

ही हमी प्रत्यक्षात कशी उतरली याचे सर्वांत बोलके उदाहरण आंद्रेआ देल वेरोक्कियो (सु. १४३५–१४८८) याच्या दुकानात मिळते. त्याचे खरे घराणे चोनी. ‘वेरोक्कियो’ हे नाव त्याच्या सोनार गुरूच्या कुळाचे, अशी परंपरा आहे. ते कोणत्या वेरोक्कियोचे, याविषयी मतभेद असले तरी गुरूचे नाव शिष्याने उपनावाप्रमाणे धारण करावे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास महत्त्वाची वाटते. १४५७ च्या कर-विवरणपत्रात तो सांगतो की, पूर्वी आपण सोनारकाम करीत होतो, परंतु काम मिळत नसल्यामुळे ते सोडले आहे. म्हणजे सोनाराने इतर कलांकडे वळण्यामागे नेहमीच स्फूर्ती असते असे नाही. कधी कधी रिकामी चूलही असते.

१४६८ मध्ये घुमटाच्या शिखरावर बसविण्यासाठी तांब्याचा एक प्रचंड गोल करण्याचे काम त्याच्याकडे आले. अनेक वाकविलेले पत्रे एकमेकांस झाळून हा गोल सांधावयाचा होता. दागिन्यात जो जोड नखाएवढा असतो तोच येथे हातभर लांबीचा करावयाचा होता. २७ मे १४७१ रोजी गोल वर चढला. त्या सुमारास लिओनार्दो दा विंची हा विशीच्या आतबाहेरचा तरुण वेरोक्कियोच्या दुकानात शिकत होता. यानंतर सुमारे चव्वेचाळीस वर्षांनी, १५१५ च्या सुमारास, अंतर्गोल आरशांनी सूर्याची उष्णता एकत्र करण्याविषयी टिपणे करीत असताना लिओनार्दोने आपल्या वहीत स्वतःस उद्देशून लिहून ठेवले की, मुख्य मंदिराच्या गोलाची झाळ कशी केली होती ते आठवावे. त्या वेळी त्याचे गुरू मरून पाव शतक लोटले होते. पुढे सतराव्या शतकाच्या प्रारंभी वीज पडून तो गोलही खाली आला आणि १६०२ मध्ये त्या जागी दुसरा बसविला गेला. वेरोक्कियोची झाळ आज कोठेही पाहावयास मिळत नाही. ती शिष्याच्या वहीतील एका ओळीत राहिली आहे.

नावांचा हा पुरावा आणखी पुढे नेता येतो. चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो (मृत्यू १४९४) याचे घराणे बिगोर्दी. त्याचा बाप सोनार होता, आणि फ्लॉरेन्समधील मुली डोक्यास घालीत त्या अलंकारमाळा करण्यात त्याची ख्याती होती, असे वासारी सांगतो. ‘गिर्लांदायो’ म्हणजे ‘माळा करणारा’. त्या माळांपैकी एकही उपलब्ध नाही. पण मुलाने जोव्हान्ना तोर्नाबुओनी या तरुणीचे जे चित्र काढले, त्यात तिच्या गळ्यातील मोत्यांचे पदक आणि पाठीमागे कोनाड्यात ठेवलेला रत्नांचा टाचा अशा नेमकेपणाने रंगविला आहे की, कोंदणाची पकड आणि मोत्याचा टांगता भार दोन्ही समजावेत. दागिना घडविणाऱ्याच्या घरात वाढलेल्या डोळ्याने तो पाहिलेला आहे. याच गिर्लांदायोच्या दुकानात १४८८ मध्ये मायकेलँजेलो शिकण्यास आला. बोत्तिचेल्लीही आरंभी सोनाराकडे होता असे सांगून वासारीने पुढे म्हटले आहे की, त्या काळी सोनार व चित्रकार यांच्यात दाट परिचय आणि नित्याचे येणेजाणे असे.

आंतोनियो देल पोलायुओलो (सु. १४३२–१४९८) याचे नाव कोंबड्या विकण्याच्या बापाच्या धंद्यावरून पडले, तो स्वतः सोनार होता. बाप्तिस्मागृहातील पूजावस्त्रांवरील भरतकामासाठी त्याने चित्रे काढून दिली, ताम्रपटावर नग्न योद्ध्यांचे युद्ध कोरले, भित्तिचित्रे व कांस्यमूर्ती केल्या. रोममध्ये १४९३ साली पूर्ण केलेल्या पोप चौथ्या सिक्स्तसच्या कांस्य-समाधीवर त्याने आपली ओळख चांदी, सोने, चित्र आणि कांस्य या चारही कामांत विख्यात अशी करून दिली आहे. चार विद्या असे त्याच्या मनात नसावे. एकच विद्या आणि चार द्रव्ये, असा या लेखाचा अर्थ लावणे अधिक योग्य होईल.

छपाईशी सोनाराचा संबंध याहूनही निकटचा आहे. चांदीवर बारीक रेघा कोरून त्यांत चांदी, तांबे, शिसे व गंधक यांचे काळे मिश्रण भरण्याची ‘निएल्लो’ नावाची रीत होती. मिश्रण भरल्यावर दुरुस्ती अशक्य. म्हणून त्यापूर्वी गंधकाचा ठसा घेऊन, काही वेळा कागदावर छाप उमटवून, काम तपासले जाई. मासो फिनिग्वेर्रा (१४२६–१४६४) या सोनाराने याच तपासणीतून ताम्रपटाच्या छपाईचा शोध लावला, असे वासारीचे म्हणणे होते. जर्मन प्रदेशात १४४६ सालचे छाप मिळाल्यामुळे शोधाचे श्रेय आज एकट्या फिनिग्वेर्रास देता येत नाही. परंतु ताम्रपटावरील रेघ ही सोनाराच्या कोरणीची रेघ होय, यात शंका नाही. बेर्नार्दो चेन्निनी हा सोनार तर याच्याही पुढे गेला. गिबर्तीच्या दारांवर काम केलेल्या या गृहस्थाने मुद्रणाची बातमी ऐकून स्वतः पोलादात अक्षरे कोरली, ती ओतली, आणि १४७१ मध्ये व्हर्जिलच्या काव्यावरील सर्व्हियसची टीका छापावयास घेतली. हेच फ्लॉरेन्समधील पहिले मुद्रण होय. धातू कोरणारा हात अक्षराकडे वळल्याची अशी उदाहरणे आपल्याकडेही आहेत. श्रीरामपूरच्या ज्या मुद्रणालयातून १८०५ मध्ये केरीचे मराठी व्याकरण बाहेर पडले, त्याच्या खिळ्यांचा पाया पंचानन कर्मकार या धातुकाम करणाऱ्या कुळातील कारागिराने घातला होता.

६

आता पूर्वी सांगितलेल्या धोक्याचा विचार केला पाहिजे. कांस्य, चित्र व छपाई यांतील रेघेची निश्चितता आणि सूक्ष्माची आवड सोनाराच्या दुकानातून आली असे आपण म्हणतो. पण ती प्राचीन शिल्पे पाहून किंवा उत्तरेकडील चित्रांच्या अनुकरणाने आली नसेल कशावरून? लॅटिनपासून निघालेल्या भाषांच्या अभ्यासकाचे एक भाग्य असे की, त्याने बांधलेले अनुमान तो लिखित लॅटिनवर तपासून पाहू शकतो. आपणांसही अशी एक कसोटी लाभली आहे. बाप्तिस्मागृहासाठी १३६६ मध्ये आरंभिलेली आणि शंभराहून अधिक वर्षे चाललेली चांदीची वेदी मुशीतून वाचली असून फ्लॉरेन्समध्येच जतन केलेली आहे. तिच्यावर मिकेलोत्सो, पोलायुओलो, चेन्निनी आणि वेरोक्कियो या सर्वांचे काम आहे. १४७७ ते १४८० मध्ये वेरोक्कियोने तिच्यासाठी केलेला योहानाच्या शिरच्छेदाचा फलक पाहिला म्हणजे बरेचसे संशय फिटतात. बोटभर उंचीच्या सैनिकांच्या चिलखतावरील नक्षी, चेहऱ्यावरील ताण, वळलेल्या देहातील जोर, हे सर्व त्यात आहे. आणि व्हेनिसमधील कोल्लेओनीच्या भव्य अश्वारूढ पुतळ्यात हेच गुण शेकडो पट मोठे होऊन आले आहेत. अर्थात सर्वच साम्ये वारशाची आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. प्राचीन अवशेषांचा प्रभाव होताच. परंतु वारसा होता, आणि तो गुरूच्या हातून शिष्याच्या हातात गेला, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

७

या परंपरेचा शेवटचा मोठा प्रतिनिधी बेन्वेनुतो चेलिनी (१५००–१५७१) हा होय. त्याच्या बापाची इच्छा मुलाने वादक व्हावे अशी होती. मुलगा पंधराव्या वर्षी सोनाराकडे गेला. त्याच्या आयुष्यात सोन्याच्या नश्वरतेचा प्रश्न विलक्षण रीतीने पुढे आला. १५२७ मध्ये रोम लुटले गेले आणि पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकून पडला. तेव्हा पोपच्या मुकुटांतील रत्ने उचकटून सोने वितळविण्याचे काम चेलिनीकडे आले. आपल्या आत्मचरित्रात त्याने हे सोने सुमारे दोनशे पौंड भरले असे सांगितले आहे. पूर्वसूरींचे काम वितळविणारा हात एका श्रेष्ठ सोनाराचाच होता. पुढे त्याच पोपसाठी त्याने स्वतः केलेला रत्नजडित आकडा १७९७ मध्ये नेपोलियनला द्यावयाच्या खंडणीपायी मुशीत गेला. त्याचे रूप अठराव्या शतकात कोणी काढून ठेवलेल्या चित्रांवरूनच कळते. फ्रान्सच्या राजासाठी १५४० ते १५४३ मध्ये केलेले सोन्याचे मीठपात्र तेवढे व्हिएन्नामध्ये उरले आहे. तेही २००३ मध्ये चोरीस गेले आणि २००६ मध्ये परत मिळाले.

चेलिनीने १५६८ मध्ये सोनारकाम व मूर्तिकाम यांवरील आपले प्रबंध प्रसिद्ध केले. गिबर्ती, पोलायुओलो, फिनिग्वेर्रा अशा पूर्वसूरींचे स्मरण करून त्याने कोंदण, निएल्लो, मुलामा यांच्या रीती तपशीलवार लिहून काढल्या. जे ज्ञान आजवर दुकानात करून दाखविले जाई ते पुस्तकात लिहिण्याची गरज त्याला वाटली, हेच परंपरा क्षीण झाल्याचे लक्षण मानले पाहिजे. पाच वर्षांपूर्वी, १५६३ मध्ये, वासारीच्या पुढाकाराने फ्लॉरेन्समध्ये ‘दिसेन्यो’ची अकादमी स्थापन झाली होती. ‘दिसेन्यो’ या शब्दात रेखन आणि मनातील संकल्प हे दोन्ही अर्थ आहेत. सोनाराच्या दुकानात हे दोन्ही एकाच फळीवर शिकविले जात. अकादमीने चित्र, शिल्प व वास्तू या तिघींना दिसेन्योच्या कन्या मानले. १५७१ मध्ये चित्रकार-शिल्पकारांची जुन्या श्रेणींच्या बंधनातून मुक्तता झाली. सोनार मात्र आपल्या जागी राहिला. सामग्रीवरून पडलेली जुनी विभागणी गेली आणि प्रतिष्ठेवरून पडलेली नवी विभागणी आली. ज्या दुकानातून कन्या निघाल्या त्या दुकानास कुळाच्या नोंदीत स्थान उरले नाही.

८

तात्पर्य असे की, फ्लॉरेन्सच्या सोनारकलेचा इतिहास तिच्या शिल्लक दागिन्यांवरून लिहू गेल्यास तो अत्यंत दरिद्री दिसेल. तिच्या शिष्यपरंपरेवरून लिहिल्यास तो त्या शतकाच्या कलेचा मुख्य प्रवाह ठरेल. गुरूने शिष्यास जे दिले ती विशिष्ट नक्षी नव्हती. प्रमाण, निश्चित रेघ, धातूच्या स्वभावाची ओळख आणि हात लावण्यापूर्वी मनात काम पुरे करण्याची शिस्त, हे ते दान होते. नक्षी तिच्या द्रव्याबरोबर वितळते. ही शिस्त कोणत्याही द्रव्यात काम करू शकते, म्हणूनच ती दुसऱ्या कलेत जाऊन टिकली.

या निष्कर्षातून आपल्याकडील अभ्यासास एक दिशा मिळते. महाराष्ट्रातील जुन्या घडणीचे किती अलंकार मोडीत गेले याची मोजदाद करणे शक्य नाही. परंतु चिंचपेटी, बोरमाळ, जोंधळी पोत, पुतळ्यांची माळ ही नावे जेथे बोलली जातात तेथे शेतातल्या दाण्याचे, झाडावरच्या फळाचे आणि जुन्या नाण्यावरच्या आकृतीचे रूप दागिन्यात कसे उतरले याची साक्ष शब्दांत टिकून आहे. अलंकारांची नावे निदान कोशांत सापडतात. सोनाराच्या हत्यारांची, क्रियांची, जोडांच्या प्रकारांची आणि गुरूने शिष्यास काम सांगताना वापरावयाच्या बोलीची नोंद मात्र फारच तुरळक आहे. ही बोली वृद्ध कारागिरांच्या तोंडी असते आणि त्यांच्याबरोबर जाते. तिला मोडीची किंमतही येत नाही. ती गावोगावच्या पेढ्यांवर बसून, काम चालू असताना, ऐकून टिपून घेतली पाहिजे. वितळलेला दागिना परत आणणे कोणाच्या हाती नाही. तो घडविताना उच्चारलेला शब्द मात्र अद्याप काही ठिकाणी ऐकावयास मिळतो.